किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला?

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात एक बाई येत असे. ओळख पटेल असे सगळे तपशील बदलून लिहिते आहे. लग्नाला अकरा वर्षं झालेली, दोन मुलं, आणि नवऱ्याचा मार नेहमीचाच. शिवणकामाचे पैसे ती स्वतःच्या खात्यात थोडे थोडे साठवत होती. मुलांच्या दाखल्यांचे फोटो, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, आमच्या वकील मैत्रिणीनं तयार केलेला अर्जाचा मसुदा, हे सगळं आम्ही एकमेकींना ई-मेलवर पाठवत होतो. घराबाहेर पडायचा दिवसही जवळजवळ ठरला होता.

तिला पासवर्ड लक्षात राहत नसत. दर वेळी नवा करायचा, पुन्हा विसरायचा. एक दिवस केंद्रातच बसलो असताना तिच्या फोननं विचारलं, पासवर्ड जपून ठेवू का? मीच म्हटलं, "अगं, हो म्हण ना. सारखी सारखी कटकट नको." तिनं हो म्हटलं.

तिच्या फोनचा पॅटर्न नवऱ्याला ठाऊक होता. आपल्याकडे किती घरांत तो नसतो? बायकोचा फोन नवऱ्याला उघडता येणं हे संसार सुखाचा असल्याचं लक्षण मानलं जातं. ज्या पॅटर्ननं फोन उघडतो त्याच पॅटर्ननं जपून ठेवलेल्या पासवर्डची यादीही उघडते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं. मेल, बँक, सगळं एका खाली एक, वाचता येईल असं. त्यानं तीन महिन्यांची पत्रं वाचली, अर्जाचा मसुदा वाचला, खात्यातले पैसे काढले. ओटीपी तिच्याच फोनवर आला, आणि फोन त्याच्या हातात होता. पुढचे पाच महिने ती केंद्रात आली नाही. मग आली ती हाताला प्लास्टर घालून, आईबरोबर. आज ती माहेरी आहे, सुरक्षित आहे. पण त्यात माझं श्रेय काहीच नाही.

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आम्हांला गोपनीयता शिकवली होती. केसची फाईल कुलपात ठेवा, व्हरांड्यात केसची चर्चा करू नका, कुटुंबीयांना परस्पर काही सांगू नका. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता आणि मी चांगलं उत्तर लिहिलं होतं. पासवर्ड हा शब्द त्यात कुठेच नव्हता. म्हणून हा लेख. विषय थोडा तांत्रिक वाटेल, पण मैत्रिणींनो, तो 'मुलांवर सोपवून' देण्याचा विषय नाही. आजी-पणजीच्या काळी घरात सत्ता कुणाची हे किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला आहे त्यावरून कळायचं. आज तो जुडगा दिसत नाही, एवढाच फरक.

पासवर्ड मॅनेजर म्हणजे काय, हे आधी सांगते. एक तिजोरी असते. तिच्यात आपल्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड ठेवायचे, प्रत्येक खात्याला वेगळा, लांबलचक, तिजोरीनंच तयार केलेला. आपण लक्षात ठेवायचा तो फक्त तिजोरीचा एक मोठा पासवर्ड. चांगल्या मॅनेजरमध्ये ही तिजोरी आपल्याच फोनमध्ये किंवा संगणकात सांकेतिक रूपात बंद होते आणि मगच कंपनीकडे जाते. मोठा पासवर्ड कंपनीकडे जात नाही. त्यामुळे कंपनीलाही आत काय आहे ते वाचता येत नाही, आणि आपण तो विसरलो तर कंपनी बापडी काही करू शकत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि दोन्ही नीट समजून घेतल्याशिवाय सुरुवात करू नये.

त्या घटनेनंतर मी आधी आमच्याच संस्थेकडे पाहिलं. लाजच वाटली. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला. त्यावर संस्थेचं नाव आणि पुढे स्थापनेचं साल, हा आमचा पासवर्ड. केंद्राच्या मेलला तोच, प्राप्तिकराच्या पोर्टलला तोच, फेसबुक पानाला तोच, आणि ज्या शीटमध्ये आम्ही केसेसची नोंद ठेवतो तिलाही तोच. एका दुपारी चौघींनी बसून संस्थेच्या सगळ्या खात्यांची यादी केली. ४३ निघाली. त्यांतल्या सहा खात्यांचा ओटीपी संस्था सोडून गेलेल्या कार्यकर्त्यांच्या नंबरवर जात होता. त्यांतल्या एकीशी आमचं पटलं नव्हतं, तिला फोन कुणी करायचा यावरच अर्धा तास गेला. आणि एका महत्त्वाच्या खात्याचा ओटीपी जात होता एका विश्वस्तबाईंच्या मुलाच्या फोनवर, कारण आठ वर्षांपूर्वी खातं त्यानंच उघडून दिलं होतं. स्त्रियांच्या संस्थेची किल्ली एका मुलग्याच्या खिशात, आणि आम्ही गावोगाव निर्णयप्रक्रियेतल्या सहभागावर शिबिरं घेतो! तो मुलगा भला आहे. पण प्रश्न त्याच्या भलेपणाचा नाही.

बैठकीत हा विषय मांडला तेव्हा आमच्या एक ज्येष्ठ ताई दुखावल्या. त्या म्हणाल्या, "तीस वर्षं आपण विश्वासावर काम केलं. आता आपापसांत कुलपं लावायची का?" त्यांचं दुःख मला कळतं. त्यांच्या पिढीनं एका खोलीत, एका कपाटात, एकमेकींच्या घरच्या भाकरीवर हे काम उभं केलं. पण मला त्यांचं म्हणणं पटत नाही. विश्वास म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत असणं नव्हे. बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या मुलीनं विश्वास टाकलेला असतो तो तिच्याशी बोलणाऱ्या कार्यकर्तीवर. आमच्या हिशेबनीसावर नव्हे, उन्हाळ्यात दोन महिने येणाऱ्या विद्यार्थिनीवर नव्हे. कायदाही हेच सांगतो. अशा पीडितेची ओळख उघड करणं हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या २२८-अ कलमाखाली गुन्हा होता, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ७२व्या कलमाखाली आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याचं १६वं कलम तक्रारीचा मजकूर आणि तक्रारदार बाईचं नाव गुप्त ठेवायला सांगतं. आमच्यातल्या तिघीजणी बाहेरच्या कार्यालयांच्या अंतर्गत समित्यांवर सदस्य आहेत. त्या समित्यांचे कागद कपाटाच्या दारावरच्या पासवर्डच्या मेलमध्ये पडलेले होते. दुसऱ्यांच्या कार्यालयात जाऊन आपण गोपनीयतेवर भाषण करतो, ते कोणत्या तोंडानं?

आणि एक गोष्ट स्पष्टच बोलायला हवी. ज्याला आपण विश्वास म्हणतो त्यात सत्ताही असते. आपल्या संस्थांमध्ये पासवर्ड एकीलाच ठाऊक असतो आणि नव्या मुली दिवसातून चारदा विचारतात, "ताई, पासवर्ड सांगता का?" ताई रजेवर गेल्या की काम थांबतं. ताई रुसल्या तरी थांबतं. हे मी स्वतःबद्दलही लिहिते आहे. दोन खात्यांचे पासवर्ड मी मुद्दाम कुणाला दिले नव्हते आणि मनात त्याचं एक सुख होतं.

मग निवड. आमच्या गटानं तीन बैठका यावर घालवल्या. कुणाला फार वाटतील, मला कमीच वाटतात.

सगळ्यांत सोपा पर्याय म्हणजे फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये आधीपासून असलेला मॅनेजर. गुगलचा आहे, ॲपलचा आहे, पैसे पडत नाहीत. एकटी राहणारी किंवा जिच्या फोनला दुसरं कुणी हात लावत नाही अशी बाई तो वापरत असेल, तर सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. पण कार्यालयातल्या एका संगणकावर चारजणी बसतात तिथे तो कुणा एकीच्या खासगी खात्याला बांधलेला राहतो. ती गेली की जुडगा तिच्याबरोबर गेला. आणि ज्या घरात फोनच सामायिक, तिथे काय होतं ते मी वर लिहिलं आहे.

लास्टपासचं नाव आमच्यातल्या एकीनं सुचवलं होतं, तिच्या आधीच्या नोकरीत तेच होतं. त्या कंपनीत २०२२ साली चोरी झाली. ऑगस्टमध्ये घुसखोरी झाल्याचं आधी जाहीर झालं. मग वर्ष संपता संपता कंपनीनं सांगितलं की ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरांनी उचलून नेल्या. पासवर्ड सांकेतिक रूपात होते, म्हणजे ज्यांचा मोठा पासवर्ड दुबळा त्यांनाच जास्त धोका. पण कोणत्या संकेतस्थळावर खातं आहे ते पत्ते मात्र उघडे होते. बाहेरच्या लोकांना ही बारीक गोष्ट वाटेल. आपल्याला वाटू नये. एखाद्या बाईचं कोणत्या बँकेत खातं आहे, ती कोणत्या वकिलाच्या, कोणत्या दवाखान्याच्या पानावर गेली, एवढ्या पत्त्यांवरून तिचा सगळा बेत वाचता येतो. तेव्हा मॅनेजर निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा: फक्त पासवर्डच बंद होतो की त्याच्याबरोबरचं सगळंच?

कीपास हा २००३ पासूनचा, फुकट आणि कुठल्या कंपनीच्या मालकीचा नसलेला कार्यक्रम. तिजोरीची एक फाईल असते, ती आपल्याच संगणकावर राहते, इंटरनेट लागत नाही. संगणकावर कीपासएक्ससी आणि अँड्रॉइड फोनवर कीपासडीएक्स ही त्याच कुळातली रूपं चांगली चालतात. मला हा मनापासून आवडला. कुणाचं उपकार नाही, वर्गणी नाही. आम्ही महिनाभर वापरून पाहिला. पण फाईल एक आणि माणसं चार. दहाव्या दिवशी आमच्याकडे तीन वेगवेगळ्या फायली होत्या आणि प्राप्तिकराचा नवा पासवर्ड नेमका चौथीच्या पेनड्राइव्हमध्ये. एकट्या बाईसाठी, प्रत दोन ठिकाणी ठेवण्याची शिस्त असेल तर, उत्तम. मी स्वतःसाठी तोच ठेवला आहे. गटासाठी मात्र जमला नाही.

वनपासवर्ड चांगला आहे. त्यात मोठ्या पासवर्डच्या जोडीला आणखी एक लांब गुप्त किल्ली असते, त्यामुळे कंपनीकडून तिजोरी चोरीला गेली तरी ती फोडणं फार अवघड. पण कायमची फुकट योजना नाही, आणि आमच्यासारख्या संस्थेत तिथेच चर्चा संपते.

शेवटी आम्ही बिटवॉर्डन घेतला. २०१६ साली सुरू झालेला, कंपनी अमेरिकन, पण कार्यक्रमाची संहिता उघडी आहे, जाणकार कुणीही ती तपासू शकतात. एकटीसाठी फुकट योजनेत कितीही पासवर्ड, कितीही उपकरणांवर ठेवता येतात. पत्तेसुद्धा सांकेतिक रूपातच राहतात. दोघींना एक तिजोरी फुकटात वाटून घेता येते, त्यापुढे वर्षाचे पैसे पडतात. आम्ही भरतो. केसेसचा कप्पा वेगळा, हिशेबाचा वेगळा, फेसबुक वगैरेंचा वेगळा. जिला जे काम, तिला तो कप्पा. 'परदेशी कंपनीवर का विसंबायचं' असा मुद्दा एकीनं काढला आणि तो चुकीचा नाही. पण केंद्राची मेल, फोन, शीट, सगळंच आधीपासून परदेशी कंपन्यांकडे आहे, कपाटाचं दार तेवढं स्वदेशी होतं.

पैशांबद्दल एक तक्रार. निधी देणारे शिबिराच्या फलकाला पैसे देतात, जेवणाला देतात, अहवालाच्या गुळगुळीत कागदाला देतात. याला देत नाहीत, कारण याचा फोटो येत नाही. पुढच्या प्रस्तावापासून आम्ही जागेच्या भाड्याखाली ही ओळ लिहिणार आहोत आणि कुणी विचारलं तर भांडणार आहोत.

मोठा पासवर्ड कसा ठरवायचा यात सगळ्यांना मजा आली. १९९५ पासून एक रीत प्रसिद्ध आहे: फासे टाकून शब्द निवडायचे. मूळ यादीत ७,७७६ शब्द आहेत, कारण पाच फाशांची तेवढीच दानं पडतात. आम्ही मराठी शब्दकोश घेतला, सापशिडीतले फासे आणले, एका दानानं पान काढलं, दुसऱ्यानं शब्द. सहा शब्द, एकमेकांशी संबंध नसलेले. टाइप करायचे रोमन लिपीत, आणि स्पेलिंग एकदा ठरलं की ठरलं. शब्द मनानं निवडायचे नाहीत, हे महत्त्वाचं. मनानं निवडले की आपण म्हणी निवडतो, अभंग निवडतो, मुलांची नावं निवडतो. दोघींनी तर मोर्च्यातली घोषणाच निवडली होती! ती अख्ख्या जिल्ह्याला पाठ आहे. आणि दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याचा जो नियम कार्यालयांत अजून चालतो त्याची गरज नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेनं २०१७ सालीच तो मोडीत काढला. सक्तीनं बदलायला लावलं की माणसं शेवटचा आकडा तेवढा बदलतात. संशय आला की मात्र लगेच बदलायचा. कुणी संस्था सोडली तर तिला तिजोरीतून काढणं पुरेसं नाही, तिनं पाहिलेले सगळे पासवर्ड बदलायचे. यात तिचा अपमान नाही, घर सोडताना किल्ली परत करण्यात असतो का? तिजोरी परत मिळवण्याचे कोड आम्ही कागदावर लिहून, पाकिटावर दोघींच्या सह्या घेऊन, लॉकरमध्ये ठेवले आहेत.

हे झालं आपलं. आपल्याकडे येणाऱ्या बायकांना काय सांगायचं?

सगळ्यांना पासवर्ड मॅनेजर सांगायचा नाही, हे माझं ठाम मत झालं आहे. जिचा फोन रोज संध्याकाळी तपासला जातो तिच्या फोनवर अनोळखी ॲपचं चित्र दिसणं हेच भांडणाला पुरेसं आहे. "काय लपवतेस?" इथून सुरुवात होते. बोटाच्या ठशावर विसंबू नका, झोपलेल्या बाईचं बोट फोनला लावणारे नवरे आमच्या नोंदींत दोन आहेत. अशा बाईसाठी माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवलेली वही, हो, कागदाची वही, जगातल्या कुठल्याही तिजोरीपेक्षा बरी. वहीला तज्ज्ञ हसतात. पण तज्ज्ञांचा चोर दूर देशातला असतो, आपला शेजारच्या उशीवर झोपतो. तिची नवी मेल केंद्रातल्या संगणकावर, खासगी खिडकीत उघडावी. खातं परत मिळवण्यासाठीचा नंबर नवऱ्याचा नाही ना, हे आधी बघावं. फोनमध्ये काही जपून ठेवू नये. आणि घाईनं सगळे पासवर्ड एका दिवसात बदलायला सांगू नये. अचानक दार बंद झालं की आतल्या माणसाला कळतं, आणि बाई घर सोडते आहे हे कळण्याचा क्षण सगळ्यांत धोक्याचा असतो. बदल कधी करायचा हे तिच्या बाहेर पडण्याच्या बेताबरोबर ठरवायचं, तिनंच.

ओटीपीचा प्रश्न याहून मोठा आहे. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा असेल तर पासवर्ड कितीही पक्का करा, दार त्याच्याच हातात. २०२५ साली लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला तेव्हा टाकलेल्या बायकांची जी धावपळ झाली ती आपण सगळ्यांनी पाहिली. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. निदान आपल्याकडे आलेल्या प्रत्येकीचा आधारला कोणता नंबर आहे हे पहिल्या भेटीच्या अर्जात विचारायला आम्ही सुरुवात केली आहे.

पोलीस ठाण्यात ऐकायला मिळतं, "नवरा-बायकोत कसला पासवर्ड?" त्यांना दाखवावं: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाखाली दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं हा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाचा गुन्हा आहे, आणि त्या कलमात नवऱ्याला सूट दिलेली नाही. खात्यातले पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावं. आणि २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज करताना आर्थिक छळाच्या परिच्छेदात हे सगळं तारखांसह लिहावं. आमच्या जुन्या अर्जांच्या नमुन्यात दागिने आहेत, रेशनकार्ड आहे, बँकेचं पासबुक आहे. फोन नाही. नमुना बदलायला घेतला आहे.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. आमच्या वस्तीपातळीवरच्या सात कार्यकर्त्यांपैकी तिघींकडे स्वतःचा फोन नाही. घरात एकच, तो मुलाकडे किंवा नवऱ्याकडे असतो आणि त्यांची केसची नोंद त्याच फोनवरून शीटमध्ये जाते. त्यांना तिजोरीचा कप्पा देता येत नाही आणि न देऊन त्यांना कमी लेखल्यासारखंही होतं. एकीनं ते तोंडावर बोलूनही दाखवलं. तूर्त त्या नोंदी पुन्हा वहीत लिहून शनिवारी केंद्रात आणतात, फोन घेण्यासाठी पैसे जमवतो आहोत. तुमच्या गटात कुणी याहून वेगळं काही करून पाहिलं असेल तर संपादक मंडळाकडे जरूर लिहून पाठवा.